शिक्क्याचा देश आणि तारेचा सूर

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या पन्नासाव्या वर्षी या व्यासपीठावरून चार शब्द बोलण्याचा मान कार्यकारी मंडळाने आम्हांला दिला, त्याबद्दल प्रथम मन:पूर्वक आभार मानतो. विषयाचे नाव फलकावर वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. इलेक्ट्रिक गिटार आणि मराठी मंडळ यांचा संबंध काय, असा प्रश्न घरी आमच्या सौभाग्यवतीनेही विचारला होता. प्रश्न रास्त आहे. आम्ही वादक नव्हे. मराठी घेऊन बी. ए. झालो, केंद्र सरकारच्या सेवेत शिरलो आणि नोकरीचा बराचसा काळ सीमाशुल्काच्या कागदपत्रांत घालविला. कोणता माल कोणत्या देशात तयार झाला हे तपासणे हा आमच्या कामाचाच एक भाग. ‘मूळ देश’ हा रकाना आम्ही इतक्या वेळा वाचला आहे की, तो आपल्याला पुरता कळला, असे आम्हांला वाटत होते. तोच रकाना एके दिवशी आमच्या घरात शिरला आणि आम्हांला धडा देऊन गेला. आज त्या धड्याचीच हकिकत सांगावयाची आहे.

आमची कन्या बारावीत असताना तिला इलेक्ट्रिक गिटारचे वेड लागले. जन्म याच कलकत्ता शहरातला, मैत्रिणी येथल्या, तेव्हा यात आश्चर्य नव्हते. परीक्षा झाल्यावर आम्ही तिला घेऊन दुकानात गेलो. एकाच आकाराच्या, एकाच रंगाच्या तीन गिटारी दुकानदाराने समोर मांडल्या. मुलीने तिन्ही वाजवून पाहिल्या आणि मधली उचलून ती म्हणाली, “बाबा, ही.” आम्ही काय केले? आम्ही गिटार उलटी केली, तिच्या माथ्याच्या पाठीमागे चष्मा लावून पाहिले आणि तेथे इंडोनेशिया हे नाव वाचून ती परत ठेवली. “घ्यायची तर चांगली घेऊ,” असे आम्ही म्हणालो. तारांना आम्ही बोटही लावले नव्हते.

पुढे महिन्याभराने एका परिचिताच्या ओळखीने एक जुनी ‘अमेरिकन’ गिटार मिळाली. किंमत दुकानातल्या गिटारच्या जवळजवळ दुप्पट. माथ्यावर प्रसिद्ध नाव होते, पाठीमागे देशाचे नाव होते. आम्ही मोठ्या समाधानाने ती घरी आणली आणि मंडळाच्या त्या वर्षीच्या कोजागरीला, आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल, ही बातमी आपण होऊन सर्वांना सांगितली. तिचे पुढे काय झाले ते शेवटी सांगू. मधल्या काळात आम्ही या वाद्याविषयी जे वाचले, विचारले आणि तपासले, ते आधी आपणांपुढे ठेवतो.

इलेक्ट्रिक गिटार म्हटली की केस वाढविलेला, मंचावर उड्या मारणारा तरुण आपल्या डोळ्यांपुढे येतो. परंतु हे वाद्य आपल्या शहराला मुळीच परके नाही. जॉर्ज बोशँप आणि अडॉल्फ रिकेनबॅकर यांनी १९३१-३२ च्या सुमारास अमेरिकेत जी पहिली यशस्वी इलेक्ट्रिक गिटार बाजारात आणली, ती मांडीवर आडवी ठेवून वाजविण्याची हवाईयन गिटार होती. तव्यासारख्या आकारामुळे तिला ‘फ्राइंग पॅन’ म्हणत. हीच हवाईयन गिटार पुढे बंगालच्या घराघरांत शिरली आणि रवींद्रसंगीताच्या तबकड्यांवर तिने मानाचे स्थान मिळविले. आपल्या शेजारच्या घरांतील एखाद्या ज्येष्ठ भगिनीने तरुणपणी ती शिकलेली असते, हा अनुभव येथे राहणाऱ्या पुष्कळांना आहे. तेथे तिला कोणी परदेशी म्हणत नाही.

तंबोरा किंवा सतार यांच्यापेक्षा या वाद्याचे तंत्र एका बाबतीत अगदी वेगळे आहे. तंबोऱ्याचा भोपळा नाद वाढवितो. येथे भरीव लाकडाचा ओंडका असतो आणि पोलादी तारांच्या खाली लोहचुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे घातलेले असतात. त्याला पिकअप म्हणतात. तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलते, वेढ्यांत क्षीण विद्युत्प्रवाह निर्माण होतो आणि तो ध्वनिवर्धकात जाऊन मोठा होतो. बाकीचे अवयव आपल्या ओळखीचेच आहेत: खुंट्या, घोडी, पडदे. लाकडी मानेच्या आत एक पोलादी सळई असते. मान वाकली तर ती पिळून सरळ करता येते. चांगली गिटार कोणती, हे ठरते ते मान सरळ आहे की नाही, पडदे एका पातळीत आहेत की नाहीत, त्यांची टोके घासून गुळगुळीत केली आहेत की नाहीत, तारा पडद्यांपासून किती उंच आहेत, खुंट्या ताण धरून राहतात की नाही आणि पिकअप कसा आहे, यांवरून. यांतील एकही गोष्ट पाठीमागची चिठ्ठी वाचून कळत नाही. प्रत्येक गोष्ट हाताला आणि कानाला मात्र कळते.

मग देशाच्या नावाला एवढे मोल आले कोठून? त्याची कथा मनोरंजक आहे. भरीव लाकडाच्या गिटारीचा पाया अमेरिकेत घातला गेला, हे निर्विवाद. कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी लिओ फेंडर या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या गृहस्थाने १९५० च्या सुमारास टेलिकास्टर आणि १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर तयार केली. मिशिगन राज्यातील कॅलमझू येथे गिब्सन कंपनीने १९५२ मध्ये लेस पॉल ही गिटार आणली. पुढे जगातल्या नामांकित वादकांच्या हातांत हीच वाद्ये दिसू लागली आणि ‘अमेरिकन’ हा शब्द गिटारीच्या बाबतीत अस्सलपणाचा पर्याय झाला.

परंतु आता पाहा. १९६५ साली लिओ फेंडर यांनी आपला कारखाना सी. बी. एस. या मोठ्या कंपनीला १ कोटी ३० लाख डॉलरना विकला. देश तोच राहिला, गाव तेच राहिले, गिटारीचे नावही तेच राहिले. तरीसुद्धा त्यानंतरच्या काळात दर्जा घसरला अशी तक्रार वादकांत वाढत गेली आणि आजही १९६५ पूर्वीच्या गिटारीला जाणकार वेगळ्याच भावाने विकत घेतात. म्हणजे एकाच देशाच्या एकाच शिक्क्याखाली दोन निरनिराळे दर्जे नांदू शकतात, हे खुद्द अमेरिकेनेच दाखवून दिले.

दुसरीकडे जपानकडे पाहा. आमच्या आजोबांच्या तोंडी ‘जपानी माल’ हे शब्द हलक्या, चार दिवसांत मोडणाऱ्या वस्तूंसाठी असत. पुढे त्याच साताऱ्याच्या घरात, आमच्या लहानपणी, काकांनी मुंबईहून जपानी कॅसेट प्लेअर आणला, तेव्हा त्यावरील ‘मेड इन जपान’ची पट्टी दहा वर्षे कोणाला काढू दिली नाही. एकाच घरात, दोन पिढ्यांत, एकाच देशाच्या नावाचा अर्थ उलटा झाला. यामागे जादू नव्हती. १९५० मध्ये डेमिंग या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने जपानी अभियंत्यांना गुणवत्तेच्या नियंत्रणाविषयी व्याख्याने दिली. जपान्यांनी ती इतकी मनावर घेतली की, १९५१ पासून त्यांच्या नावाने पारितोषिक देण्यास सुरुवात केली.

गिटारीच्या क्षेत्रातही हेच घडले. नागोयाची होशिनो ही कंपनी आपली गिटार ‘आयबानेझ’ या नावाने विकते. हे नाव साल्व्हादोर इबान्येझ या स्पॅनिश कारागिराचे. गिटारीला स्पेनचे नाव असेल तरच ग्राहक विश्वास ठेवील, हा हिशेब त्यामागे असावा, असे समजण्यास हरकत नाही. आपल्या शहरातील काही जुन्या छापांची नावेही परदेशी छापांशी यमक जुळविणारी आहेत, आणि उल्हासनगरच्या मालावरील ‘यू. एस. ए.’चा विनोद आमच्या पिढीला ठाऊक आहेच. तेव्हा हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. सत्तरच्या दशकात जपानी कारखाने अमेरिकन गिटारींच्या हुबेहूब प्रतिकृती काढू लागले. १९७७ मध्ये गिब्सनच्या मालक कंपनीने आयबानेझच्या अमेरिकेतील वितरकावर माथ्याच्या आकाराबद्दल दावा लावला आणि तो पुढे आपसांत मिटला. प्रतिकृती वाईट असत्या तर दावा लावण्याइतकी धास्ती कोणाला वाटली असती?

१९८२ साली तर फेंडर कंपनीने स्वत:च जपानमध्ये भागीदारी केली आणि मात्सुमोतो येथील फुजीजेन या कारखान्यात आपल्या नावाच्या गिटारी बनवून घेण्यास सुरुवात केली. १९८५ मध्ये फेंडरच्या अधिकाऱ्यांनी आणि सहकाऱ्यांनी सी. बी. एस. कडून कंपनी विकत घेतली, पण त्या व्यवहारात फुलर्टनचा कारखाना आला नाही. कोरोना या गावी नवा कारखाना उभा राहीपर्यंत या अमेरिकन कंपनीची मुख्य भिस्त जपानी कारागिरांवर होती. ज्या जपानी गिटारींना आधी ‘नक्कल’ म्हणून नाके मुरडली जात, त्याच त्या वर्षांतील गिटारी आज संग्राहक शोधत फिरतात.

त्यानंतरची पायरी कोरियाची. जपानमधील मजुरी वाढली तसे काम कोरियात गेले आणि लोक म्हणू लागले, “जपानी ती जपानी, कोरियन हलकी.” काही वर्षांनी कोरियातूनही काम इंडोनेशियात आणि चीनमध्ये गेले आणि लोक म्हणू लागले, “कोरियन ती कोरियन, इंडोनेशियन हलकी.” यांत मौज अशी की, इंडोनेशियातील मोठे कारखाने कॉर-टेक आणि सामिक या कोरियन कंपन्यांनीच उभारलेले आहेत. अमेरिकेच्या सीमेलगत मेक्सिकोत फेंडरने १९८७ साली एन्सेनाडा येथे कारखाना काढला. कोरोना आणि एन्सेनाडा यांत मोटारीने काही तासांचेच अंतर आहे; तरीही मध्ये सीमारेषा असल्यामुळे दोन्हीकडच्या गिटारींच्या किमतींत आणि त्यांच्याविषयीच्या बोलण्यात मोठी दरी आहे. आणि आपल्याला अभिमान वाटावा की संकोच, हे आपणच ठरवा, पण ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस फेंडरच्या ‘स्क्वायर’ या स्वस्त छापाच्या काही गिटारी आपल्या भारतातही तयार झाल्या होत्या.

येथे न्यायबुद्धीने दुसरी बाजूही मांडली पाहिजे. स्वस्त देशात तयार झालेल्या गिटारी पुष्कळदा खरोखरच कमी प्रतीच्या असतात. पण त्याचे कारण त्या देशातील माणसांचे हात नव्हे. कंपनी ज्या किमतीला गिटार विकणार, त्या किमतीला परवडेल असाच पिकअप, तशाच खुंट्या आणि पडदे घासण्यास तेवढाच वेळ ती कारखान्याला देते. लाकूड कापण्याचे काम आता सर्वत्र संगणकाने चालणारी यंत्रे करतात, आणि यंत्राला मातृभाषा नसते. शेवटचा हात मात्र माणसाचा असतो, आणि त्या हाताला किती वेळ दिला, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. तेव्हा शिक्का खोटा नसतो. तो किमतीविषयी थोडेबहुत सांगतो. आपण मात्र त्यातून माणसांच्या लायकीविषयी निष्कर्ष काढून मोकळे होतो.

आता आमच्या खात्याविषयी. सीमाशुल्काच्या प्रकरण ९२ मध्ये वाद्ये येतात. साधी गिटार ९२०२ या शीर्षाखाली आणि इलेक्ट्रिक गिटार ९२०७ खाली. ‘मूळ देश’ कसा ठरवितात? भारत आणि आसियान देश यांच्यात २०१० पासून अमलात आलेल्या करारात सर्वसाधारण कसोटी अशी ठेवली गेली की, मालाच्या मूल्यापैकी निदान ३५ टक्के त्या प्रदेशात निर्माण झालेले असावे आणि प्रक्रियेमुळे मालाचे उपशीर्ष बदललेले असावे. कागदोपत्री हे अगदी योग्य आहे. शुल्क आकारण्यासाठी कोठेतरी रेघ ओढावीच लागते. परंतु याचा अर्थ उरलेल्या ६५ टक्क्यांचा जन्म कोठेही झालेला असू शकतो. तो रकाना शुल्कासाठी केलेला आहे, सुरांसाठी नव्हे. हे आम्ही कार्यालयात रोज जाणत होतो आणि दुकानात गेल्यावर मात्र विसरलो.

लाकडाचेच उदाहरण घेऊ. आपल्यापैकी पुष्कळांच्या गावच्या घरी शिसवी पाट, शिसवी पेटारा किंवा शिसवी झोपाळा असेल. गिटारीच्या मानेवर, जेथे बोटे टेकतात तेथे, काळसर लाकडाची जी पट्टी असते, ती पुष्कळदा याच भारतीय शिसवाची असते. पूर्वी ब्राझीलच्या शिसवाला मान होता. ते दुर्मिळ झाल्यावर मार्टिन या अमेरिकेतील जुन्या कंपनीने १९६९ च्या सुमारास भारतीय शिसव स्वीकारले. २०११ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकन सरकारच्या अधिकाऱ्यांनी टेनेसी राज्यातील गिब्सनच्या कारखान्यांवर छापा घालून भारतातून आलेल्या शिसवाच्या आणि आबनुसाच्या पट्ट्या जप्त केल्या. वाद असा की, या पट्ट्या कापलेले इमारती लाकूड समजावे, ज्याच्या निर्यातीवर भारताचे निर्बंध होते, की वाद्याचा भाग समजावे? २०१२ मध्ये तडजोड झाली. मादागास्करच्या आबनुसाच्या प्रकरणी कंपनीने ३ लाख डॉलर दंड भरला, आणि भारतीय पट्ट्यांच्या वर्गीकरणाचा प्रश्न संदिग्ध असल्याचे दोन्ही पक्षांनी मान्य केले. आमच्यासारख्या कारकुनी पिंडाच्या माणसाला हे प्रकरण कादंबरीसारखे वाटले. पण आम्ही त्यातून एवढेच घेतले: अमेरिकन म्हणून जी गिटार आपण डोक्यावर घेतो, तिच्या वादकाची बोटे कदाचित आपल्याच दक्षिणेकडील रानातल्या लाकडावर फिरत असतात.

माणसाचे मत चिठ्ठीने कसे फिरते, याचा अभ्यासही झालेला आहे. १९६५ साली रॉबर्ट स्कूलर या अमेरिकन अभ्यासकाने ग्वाटेमालातील विद्यार्थ्यांना फळांचा रस आणि कापडाचे तुकडे दाखविले. माल सर्वांना एकच होता, फक्त देशांच्या चिठ्ठ्या वेगळ्या. शेजारच्या एल साल्वादोर आणि कोस्टा रिका यांची नावे लावलेला माल विद्यार्थ्यांना हलका वाटला; ग्वाटेमाला आणि मेक्सिको यांचे नाव लावलेला तोच माल चांगला वाटला. पुढे २०१० मध्ये अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे २१ व्हायोलिनवादकांच्या डोळ्यांवर काळे चष्मे चढवून त्यांच्या हाती सहा व्हायोलिने दिली गेली. तीन नवी, आणि तीन अठराव्या शतकाच्या सुमाराची, इटलीच्या स्ट्रॅडिव्हरी आणि ग्वार्नेरी या घराण्यांची, ज्यांची किंमत लक्षावधी डॉलर. बहुसंख्य वादकांना आपल्या हाती नवे वाद्य आहे की जुने, हे ओळखता आले नाही, आणि सर्वांत कमी पसंती मिळाली ती एका स्ट्रॅडिव्हरीला. २०१८ मध्ये इंग्लंडच्या लँकेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी केवळ पाठीच्या आणि बाजूंच्या लाकडात फरक असलेल्या सहा गिटारी ५२ वादकांना अशाच रीतीने वाजविण्यास दिल्या. स्वस्त आणि महाग लाकडांत त्यांना फारसा फरक जाणवला नाही. कसलेल्या कानांची ही कथा, तर आमची काय?

यावरून कोणी असे समजू नये की, गावाच्या नावाला अर्थच नसतो. मिरजेचा तंबोरा म्हटले की आपली मान आपोआप आदराने लवते, आणि ती उगीच लवत नाही. हत्यारे घडविणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथे तंतुवाद्ये घडविण्यास सुरुवात केली आणि पिढ्यान्पिढ्या तो हात तेथेच राहिला. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते या हातांना मिळाले. ‘मेड इन जर्मनी’ची गोष्टही अशीच. १८८७ च्या ब्रिटिश कायद्याने परदेशी मालावर देशाचे नाव घालणे भाग पाडले, ते हलक्या जर्मन मालापासून ग्राहकाने सावध राहावे म्हणून. जर्मनांनी माल इतका सुधारला की, तीच सावधगिरीची चिठ्ठी पुढे प्रशस्तिपत्र झाली. आपल्याकडे पेटी घेताना “सूर जर्मन आहेत ना?” असे विचारणारे जाणते लोक आपण पाहिलेले आहेत.

पेटीवरून आठवले. हे वाद्य युरोपातून आले आणि हाताने भाता मारण्याचे त्याचे सुटसुटीत रूप याच कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांच्या द्वारकिन या पेढीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ केले. पुढे मराठी रंगभूमीने पेटीला आणि ऑर्गनला डोक्यावर घेतले. आणि १९४० साली आकाशवाणीने मात्र भारतीय संगीताला न मानवणारे वाद्य म्हणून तिला दार बंद केले. ते दार किलकिले होण्यास १९७१ साल उजाडावे लागले. त्या तीस वर्षांत घराघरांतील भजने काही थांबली नाहीत. वाद्य कोठून आले हे विचारणारे विचारीत राहिले आणि वाजविणारे वाजवीत राहिले.

आता राहिलेली गोष्ट. अमेरिकन गिटार घरी आली, त्यानंतर पहिले काही दिवस मुलीने ती उत्साहाने वाजविली. मग हळूहळू खोलीतून आवाज येईनासा झाला. बोटांना घट्टे पडले होते, एक-दोन वेळा रक्तही आले. “सराव कमी पडतो,” असे आम्ही सुनावले. महाविद्यालयातील वाद्यवृंदात तिची निवड व्हावयाची होती, तेथे ती गेलीच नाही. “एवढी महागाची वस्तू आणून दिली आणि धूळ खात पडली आहे,” हेही आम्ही बोललो. असे आठ महिने गेले.

शेवटी एकदा तार तुटली म्हणून आम्हीच ती गिटार उत्तर कलकत्त्यातील एका गल्लीत, वाद्ये दुरुस्त करणाऱ्या एका वृद्ध कारागिराकडे घेऊन गेलो. मुलगी बरोबर होती. त्याने गिटार डोळ्यांपुढे बंदुकीसारखी धरली, मानेवरून नजर फिरविली आणि काही न बोलता मानेचे चार स्क्रू काढले. आतले लाकूड त्याने आम्हांला दाखविले. ते अखंड लाकूड नव्हतेच. थर चिकटवून केलेले होते. माथ्यावरचे नाव त्याने नखाने खरवडले, तर ते सुटून आले. मान एका वाद्याची, अंग दुसऱ्याचे, खुंट्या तिसऱ्याच्या. मान पिळवटली होती आणि तारा पडद्यांपासून इतक्या उंच होत्या की, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, पैलवानानेही दाबता दाबता हात टेकले असते. तो म्हणाला, “साहेब, तुम्ही हिची पाठ वाचून घेतलीत. पुढून वाजवून घेतली असतीत, तर ही लहान मुलगीसुद्धा सांगू शकली असती.”

परत येताना ट्राममध्ये आम्ही मुलीला विचारले, “तुला कधी कळले?”

ती म्हणाली, “पहिल्याच आठवड्यात, बाबा.”

“मग बोलली का नाहीस?”

ती खिडकीबाहेर पाहत होती. म्हणाली, “तुम्ही कोजागरीला सगळ्यांना सांगितलं होतं ना, अमेरिकन आणली म्हणून.”

श्रोतेहो, तीस वर्षांच्या सेवेत आम्ही कित्येक खोटे दाखले पकडले. हा एक आम्ही स्वत:च्या हाताने घरात आणला आणि त्याचे शुल्क आठ महिने आमच्या मुलीने भरले, तक्रार न करता, बापाचा शब्द खाली पडू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी आम्ही तिला घेऊन पहिल्याच दुकानात गेलो. या वेळी दाराशी बसून राहिलो. तिने पाच गिटारी वाजविल्या आणि एक घेतली. पैसे देतानासुद्धा आम्ही तिची पाठ पाहिली नाही. घरी आल्यावर मुलीनेच हसत दाखविली: इंडोनेशिया. गेल्या दोन वर्षांच्या गणेशोत्सवांत आपल्या मंडळाच्या बालगोपाळांच्या गाण्याला साथीला जी गिटार होती, ती हीच.

समारोपाला एकच गोष्ट सांगावीशी वाटते. आपण सारे गावापासून दूर आलेले लोक. येथे आपल्याला विचारतात, “तुम्ही मूळचे कोठले?” आणि गावी गेलो की आपल्या मुलांना विचारतात, “तुम्ही आता तिकडचेच, नाही का?” गेल्या उन्हाळ्यात साताऱ्याला एका नातेवाइकाने आमच्या मुलीचे दोनच शब्द ऐकले आणि तो म्हणाला, “हिचे मराठी कलकत्त्याचे.” आम्हांला राग आला. पण मग आठवले की, दुकानात आम्ही त्या गिटारीशी याहून वेगळे वागलो नव्हतो. फरक एवढाच की, त्याने निदान दोन शब्द ऐकून घेतले होते. आम्ही तर एकही सूर ऐकला नव्हता.

या मंडळाच्या पन्नास वर्षांत येथे जन्मलेली मुले या व्यासपीठावर नाटकात उभी राहिली, त्यांनी भजने म्हटली, निबंध वाचले. त्यांच्या उच्चारात बंगालची गोलाई असेल, एखादा शब्द अडत असेल. त्यांना पुढून ऐकावे, पूर्ण ऐकावे, आणि मग मत द्यावे, एवढी विनंती मंडळाच्या ज्येष्ठांना करावीशी वाटते. ज्यांनी ही संस्था पन्नास वर्षे चालविली, त्यांनी हे पुष्कळदा केलेही आहे. आम्हांला मात्र ते शिकण्यासाठी एक खोटी गिटार विकत घ्यावी लागली.